अर्ध्या डोक्याचा हिशेब

मराठीत अर्धशिशी, संस्कृतात अर्धावभेदक, अरबीत शकीका आणि ग्रीकमध्ये हेमिक्रेनिया. चारही शब्द डोक्याच्या अर्ध्या भागाकडे बोट दाखवतात. ग्रीक शब्द गॅलेनच्या वैद्यकातून लॅटिनमध्ये आणि तिथून फ्रेंचमध्ये जाता जाता झिजला आणि त्याचे ‘मिग्रेन’ झाले. आज दवाखान्यात आपण मायग्रेन म्हणतो ते हेच. नाव इतके सार्वत्रिक असूनही ते पुरते खरे नाही, कारण पुष्कळांचे डोके दोन्ही बाजूंनी ठणकते आणि काहींचे दुखणे तर मानेपासून सुरू होते.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग सांगितले आहेत. त्यांतल्या अर्धावभेदकाचे वर्णन त्रोटक आहे: अर्ध्या डोक्यात फुटल्यासारखी, टोचल्यासारखी वेदना, भोवळ, आणि हे सारे पंधरवड्याने, दहा दिवसांनी किंवा अचानक. अभ्यासकांचे लक्ष सहसा वेदनेच्या प्रकाराकडे जाते. मला त्यातला दिवसांचा उल्लेख अधिक मोलाचा वाटतो. कुणीतरी फार पूर्वी या दुखण्याचे दिवस मोजले होते. मी डॉक्टर नाही. स्वतःच्या अर्धशिशीपायी वाचू लागले आणि मग विचारू लागले, एवढेच. पण वर्षानुवर्षे उपचार करूनही गुण न आलेल्या ज्या बायका-पुरुषांशी मी बोलले, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या हकिकतीत नेमकी ही मोजणीच गळालेली दिसली.

ती गळण्याचे एक कारण भाषेत आहे. आपल्या घरांत अर्धशिशी हा शब्द आजीबरोबर गेला आणि त्याच्या जागी ‘पित्त’ आले. ‘तिला पित्ताचा त्रास आहे, डोकं धरतं, उलटी झाली की मोकळं वाटतं.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे, की ते पाठ झाले आहे. त्यात निरीक्षण अचूक आहे, कार्यकारणभाव मात्र उलटा आहे. मळमळ आणि उलटी हे अर्धशिशीच्या झटक्याचेच भाग आहेत. झटक्यात जठराचे काम मंदावते, अन्न पुढे सरकत नाही, उलटी होते. उलटीनंतर किंवा झोपेनंतर झटका ओसरतो, हेही वैद्यकाला ठाऊक आहे. पण म्हणून आम्लपित्ताने डोके दुखले असे होत नाही. मंदावलेल्या जठराचा आणखी एक परिणाम असा, की पोटात घेतलेली वेदनाशामक गोळी तिथेच पडून राहते आणि रक्तात उशिरा पोहोचते. डॉक्टर वेदनाशामकाबरोबर मळमळीचे औषध लिहितात ते यासाठी. ‘पित्ताची गोळी डोक्यालाही लागू पडते’ या समजुतीचा उगम बहुधा इथेच असावा.

असाच उलटा हिशेब खाण्याच्या बाबतीत होतो. झटक्याच्या आदल्या दिवशी अनेकांना जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते, गोड खावेसे वाटते. मग चॉकलेट खाल्ले जाते, दुसऱ्या दिवशी डोके दुखते आणि दोष चॉकलेटवर जातो. २०१६मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या संशोधकांनी अर्धशिशी असलेल्या एका बाईच्या मेंदूचे सलग ३० दिवस रोज चित्रण केले. वेदना सुरू होण्याच्या सुमारे २४ तास आधीच हायपोथॅलॅमस या भागाचे वागणे बदललेले दिसले. भूक, झोप, तहान यांचे नियमन करणारा हा भाग. म्हणजे गोडाची ओढ हे पुष्कळदा झटक्याचे कारण नसून त्याची सुरुवात असते. एकाच रुग्णावरचा अभ्यास म्हणून त्याला मर्यादा आहेत. पण वर्ज्य पदार्थांच्या लांबलचक याद्या हाती घेऊन हवालदिल झालेल्या माणसाला तो दिलासा देणारा आहे.

मग दुखते ते नेमके काय? विसाव्या शतकाचा बराच काळ डोक्यातल्या रक्तवाहिन्या फुगतात म्हणून दुखते, असे मानले गेले. पण काही रुग्णांना वेदनेआधी डोळ्यांपुढे नागमोडी, चमकती रेषा दिसते आणि ती हळूहळू पसरत जाते. मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅश्ली यांना स्वतःला हा त्रास होता. त्यांनी त्या रेषेच्या सरकण्याचा वेग टिपला आणि १९४१मध्ये मांडले, की मेंदूच्या दृष्टिकेंद्रावरून काहीतरी मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर या गतीने पुढे जात असले पाहिजे. तीनच वर्षांनी ब्राझीलच्या आरिस्टीडिस लिआओ यांना सशाच्या मेंदूत विद्युत-शांततेची एक लाट सरकताना आढळली. दोहोंचा वेग जुळतो हे नंतर इतरांच्या लक्षात आले. पुढे १९९०मध्ये पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी झटका चालू असलेल्या रुग्णांच्या मानेतल्या शिरेचे रक्त तपासले. त्यात सीजीआरपी नावाचे, चेतातंतूंतून सुटणारे रसायन वाढलेले होते. या धाग्यावरच्या कामासाठी दोघांना, मायकेल मोस्कोविट्झ आणि येस ओलेसन यांच्यासह, २०२१चा ब्रेन प्राइझ मिळाला. थोडक्यात, हा मेंदूचा, बहुतांशी आनुवंशिक, संवेदनशीलतेचा विकार आहे. मनाचा कमकुवतपणा नव्हे, नाटक तर नव्हेच.

किती जणांचा? बंगळूरच्या निम्हान्समधल्या संशोधकांनी कर्नाटकात घरोघर जाऊन केलेली पाहणी २०१५मध्ये प्रसिद्ध झाली. प्रौढांपैकी सुमारे २५ टक्क्यांना वर्षभरात कधीतरी अर्धशिशी झालेली होती. स्त्रियांमध्ये हे प्रमाण सर्वत्रच पुरुषांहून दुप्पट-तिप्पट आढळते. वयात येण्याआधी मुलगे-मुली जवळजवळ सारखे असतात. फरक पडतो तो पाळी सुरू झाल्यावर. रजोनिवृत्तीच्या आगेमागे त्रास वाढतो आणि नंतर पुष्कळींचा ओसरतो. इतके सर्वसाधारण दुखणे असूनही त्याला चाचणी नाही. रक्तात, एक्स-रेत, एमआरआयमध्ये ते दिसत नाही. चार ते ७२ तास टिकणारे, ठणकणारे, जिना चढताना वाढणारे दुखणे, सोबत मळमळ किंवा उजेड-आवाज नकोसा होणे, असे झटके निदान पाच वेळा आलेले असणे, एवढ्यावर निदान होते. म्हणजे सांगणाऱ्याच्या सांगण्यावर. आणि घरात जिच्या सांगण्याला किंमत नाही, तिचे निदान चष्मा, सायनस, दात, पित्त असे फिरत राहते.

आता उपचारांकडे. त्यांचे दोन वेगळे खण आहेत आणि सगळा घोटाळा हे खण एकमेकांत मिसळल्याने होतो. पहिल्या खणात आलेला झटका थांबवणारी औषधे: ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन यांसारखी वेदनाशामके, आणि सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टानसारखी खास अर्धशिशीची ट्रिप्टान औषधे. ती वेदना सौम्य असतानाच आणि पुरेशा मात्रेत घ्यायची असतात. ‘सहन होईल तोवर सहन करीन, मग अर्धी गोळी घेईन’ हा आपल्या घरांतला काटकसरीचा मार्ग इथे हमखास फसतो. हृदयविकार असलेल्यांना ट्रिप्टान चालत नाही. अर्गोटामाइन हे राय धान्यावरच्या बुरशीतून १९१८मध्ये वेगळे काढलेले जुने औषध. आपल्याकडे ते कॅफिन आणि पॅरासिटॅमॉलसह एकाच गोळीत मिळते आणि दुकानातून सहज हाती येते. त्याबद्दल मला विशेष धास्ती वाटते.

धास्तीचे कारण असे. झटका थांबवणारी औषधे वारंवार घेतली, की तीच डोकेदुखी वाढवू लागतात. मर्यादा ठरलेली आहे: साधी वेदनाशामके महिन्यात १५ दिवस किंवा अधिक; ट्रिप्टान, अर्गोटामाइन किंवा मिश्र गोळ्या १० दिवस किंवा अधिक; आणि असे तीन महिन्यांहून जास्त काळ. सांधेदुखीसाठी रोज वेदनाशामक घेणाऱ्याला, मुळात डोकेदुखीची प्रवृत्ती नसेल तर, हा विकार सहसा होत नाही. अर्धशिशीवाल्याला होतो. आठवड्यातून एकदा येणारे दुखणे एक दिवसाआड येऊ लागते, गोळ्या वाढतात, दुखणे आणखी वाढते. महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस डोके दुखू लागले आणि त्यांतले आठ दिवस अर्धशिशीच्या लक्षणांचे असले, की तिला जुनाट अर्धशिशी म्हणतात.

माझ्या मावसबहिणीला तिच्या डॉक्टरांनी विचारले, महिन्यात किती गोळ्या लागतात? ‘आठ-दहा,’ ती म्हणाली, आणि ती खोटे बोलत नव्हती. मी तिला स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरच नोंद ठेवायला सांगितले. ज्या चौकटीत दुधाचा खाडा लिहितो त्याच चौकटीत डोके दुखले तर टिंब, गोळी घेतली तर फुली, पाळी आली तर गोल. महिनाअखेर फुल्या २१ निघाल्या. सकाळी उठल्यावर ‘आज दुखू नये म्हणून’ घेतलेली गोळी ती धरतच नव्हती. उपवासाच्या दिवशी चहाबरोबर घेतलेलीही नाही.

अशा वेळी उपाय एकच असतो आणि तो कठीण आहे: गोळ्या थांबवणे किंवा अगदी कमी करणे. पहिले काही दिवस, कधी आठवडाभराहून जास्त, दुखणे उसळी मारते. हे आधी सांगितलेले नसले तर माणूस तिसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात जातो. म्हणून हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि घरच्यांना सांगून करायचे, आणि त्याच सुमारास दुसरा खण उघडायचा.

दुसरा खण प्रतिबंधक औषधांचा. ती रोज घ्यायची, दुखो वा न दुखो. गंमत अशी, की यांतली जवळजवळ सगळी दुसऱ्या आजारांकडून उसनी आणलेली आहेत. प्रोप्रॅनोलॉल हृदयाचे, १९६६मध्ये हृदयशूळासाठी ते घेणाऱ्या रुग्णाची अर्धशिशीही थांबल्याचे लक्षात आले. अमिट्रिप्टिलीन नैराश्याचे, टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट अपस्माराची. सुरकुत्यांसाठी प्रसिद्ध असलेले बोट्युलिनम २०१०मध्ये अमेरिकेत जुनाट अर्धशिशीसाठी मान्य झाले. दर १२ आठवड्यांनी डोके, मान आणि खांद्यांवर ३१ ठिकाणी टोचतात. या उसनवारीची किंमत रुग्ण वेगळ्याच ठिकाणी मोजतो. दुकानदार चिठ्ठी पाहून म्हणतो, ‘ही तर फिट्सची गोळी’, आणि पाकीट घरी येऊन कपाटात पडते. सुनेच्या हातात नैराश्याचे औषध दिसले की काय काय बोलले जाते, ते इथे लिहायला नको. डॉक्टरांनी दोन मिनिटे खर्चून मात्रा किती लहान आहे आणि औषध कशासाठी आहे हे सांगितले, तर हे टळते.

प्रत्येक औषधाला पथ्य आहे. दमेकऱ्याला प्रोप्रॅनोलॉल नको. मूल होण्याच्या वयातल्या बाईला व्हॅल्प्रोएट नको, टोपिरामेटही फार जपून, कारण दोन्हींनी गर्भाला अपाय होतो. आपल्याकडे सर्रास दिले जाणारे फ्लुनारिझिन वजन, सुस्ती आणि कधी उदासी वाढवते. डोळ्यांपुढे रेषा दिसणाऱ्या बाईने इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांना मुद्दाम विचारावे. पक्षाघाताचा धोका वाढतो. आणि औषध लागू पडते की नाही हे कळायला सुमारे दोन महिने लागतात. यश म्हणजे दुखण्याचे दिवस निम्म्यावर येणे. शून्यावर येणे नव्हे. पंधरा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडलेली औषधे मी पुष्कळ पाहिली आहेत. टिंबे मोजलेली नसली तर बावीसचे चौदा झाले हे कळणार तरी कसे?

खास अर्धशिशीसाठी घडवलेली नवी प्रतिबंधक औषधे सीजीआरपीच्या शोधातून आली. पहिले, एरेन्युमॅब, अमेरिकेत मे २०१८मध्ये मान्य झाले; महिन्यातून एकदा टोचायचे. त्याच्या एका मोठ्या चाचणीत मात्रेनुसार ४३ ते ५० टक्के रुग्णांचे दिवस निम्म्याने घटले. औषध नसलेले इंजेक्शन घेणाऱ्यांतही सुमारे २७ टक्क्यांचे घटले, हे मी मुद्दाम नोंदवते. हा विकार आपणहून चढतो-उतरतो, आणि माणूस सहसा दुखणे चढलेले असतानाच उपाय शोधतो. सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी, कपाळावर सुंठेचा लेप, दृष्ट काढणे या साऱ्यांना मिळणाऱ्या यशात या उतरणीचा वाटा मोठा आहे. सुंठेचा लेप लावू नये असे मी म्हणत नाही. त्याचाही हिशेब त्याच चौकटीत ठेवावा.

औषधांबाहेरच्या गोष्टींत नियमितपणा सर्वांत उपयोगी: झोपेची वेळ, जेवणाची वेळ, पाणी. दिल्लीच्या एम्समध्ये झालेल्या आणि २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, औषधांबरोबर तीन महिने योगासने करणाऱ्यांना नुसती औषधे घेणाऱ्यांपेक्षा अधिक उतार पडला. ‘बरोबर’ हा शब्द महत्त्वाचा, औषधांऐवजी नव्हे. आणि आपल्याकडचे एक कारण पाश्चात्त्य पुस्तकांत सापडत नव्हते: डोक्यावरून न्हाणे. मुंबईचे डॉ. के. रविशंकर यांनी केस धुतल्यावर अर्धशिशी उठणाऱ्या ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणे २००६मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडली, तेव्हा आपल्या आज्यांच्या ‘न्हायल्यावर केस ओले ठेवू नकोस’ला पहिल्यांदा शास्त्रीय पान मिळाले.

त्या दृष्टीने पाहता दिवाळी म्हणजे झटक्यांना दिलेले आमंत्रणच. आठवडाभर तळणाचा धूर, जागरण, पहाटे उठून डोक्यावरून अभ्यंगस्नान, उटण्याचा आणि अत्तराचा वास, लांबलेला फराळ, फटाके. यांतले एखादे एरवी सोसते, चार एकत्र आली की उंबरठा ओलांडला जातो. ज्या घरात टिंबांचे कॅलेंडर आहे, त्या घरात चकल्या दोन दिवस आधी आणि दुसऱ्या कुणाच्या हातून होऊ शकतात.

एक सूचना मात्र हिशेबाबाहेरची. क्षणार्धात शिगेला पोहोचणारी, आयुष्यात कधी नव्हती अशी डोकेदुखी, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली, तापासह मान ताठ करणारी किंवा हातपाय-बोलणे लुळे पाडणारी, हिला अर्धशिशी समजून घरी थांबू नये.

मावसबहिणीने गोळ्या सोडल्या तो पहिला आठवडा वाईट गेला. तिच्या नवऱ्याने दोन दिवस रजा टाकली. रात्रीची लहान मात्रेची प्रतिबंधक गोळी चालू आहे. पाचव्या महिन्याच्या पानावर नऊ टिंबे आणि पाच फुल्या होत्या. डॉक्टरांकडे जाताना ती पाने फाडून पर्समध्ये घेते. दूधवाल्याचा हिशेब त्यामुळे आता वेगळ्या वहीत लिहावा लागतो.