प्रवासी राउटर आणि त्याचा खुला नकाशा

घराच्या दाराशीं जसा द्वारपाळ, तसा इंटरनेटच्या वाटेवर राउटर. बाहेरून आलेला संदेश कोणत्या यंत्राकडे पोंचवावयाचा व कोणास आंत येऊं द्यावयाचें नाहीं, हें पाहणें हें त्याचें काम होय. घरीं हा द्वारपाळ एका जागीं स्थिर असतो. परंतु मनुष्य प्रवासास निघाला म्हणजे हॉटेल, वसतिगृह, रेल्वे स्टेशन अशा ठिकाणीं त्याला परक्या वायफायचा आश्रय घ्यावा लागतो, आणि तेथें एकाच जाळ्यांत कित्येक अनोळखी माणसांचीं यंत्रें शेजारीं शेजारीं बसलेलीं असतात. अशा वेळीं उपयोगी पडावा म्हणून जो खिशांत मावेल असा लहानसा राउटर करितात, त्यास प्रवासी राउटर म्हणतात. तो एका हातानें हॉटेलचें जाळें धरतो व दुसऱ्या हातानें आपल्या धन्याचें निराळें जाळें पसरतो. त्यामुळें धन्याचा फोन व संगणक शेजाऱ्यांस थेट दिसत नाहींत.

अशा राउटरच्या आंतील पाटीवर मुख्यतः चार गोष्टी असतात: हिशेब करणारा प्रोसेसर, तात्पुरती व कायमची अशी दोन प्रकारची स्मृति, बिनतारी लहरी सोडणारा व घेणारा रेडिओ, त्याच्या अँटेनासह, आणि या सर्वांस वीज पुरविणारा भाग. हें सर्व किती थोड्या जागेंत बसूं शकतें, याचें उत्तम उदाहरण म्हणजे 'व्होकोर' नांवाचें बोर्ड. लोकवर्गणीच्या बळावर २०१४ सालीं निघालेलें हें बोर्ड सुमारें २५ मिलिमीटर लांब व तितकेंच रुंद, म्हणजे एखाद्या नाण्याएवढें होतें. त्यावर ३६० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ३२ मेगाबाइट तात्पुरती व ८ मेगाबाइट कायमची स्मृति बसविलेली होती. आणि त्याचे नकाशे सर्वांस पाहण्यास खुले ठेविले होते.

वस्तु लहान झाली म्हणजे ती करणें सोपें झालें, असें पुष्कळांस वाटतें. येथें मात्र उलट आहे. प्रथम विजेचाच विचार करूं. यूएसबीच्या तारेंतून ५ व्होल्ट दाब मिळतो, पण चिपांस ३.३ व्होल्ट किंवा त्याहूनहि कमी लागतो. म्हणून दाब उतरविणारे भाग बसवावे लागतात, व त्यांची गडबड रेडिओच्या कानीं जाऊं नये म्हणून त्यांस रेडिओपासून दूर ठेवावें लागतें. रेडिओ बोलूं लागला कीं विजेची मागणी एकाएकीं वाढते. स्वयंपाक करतांना दर घोटभर पाण्यासाठीं विहिरीवर जावें लागूं नये, म्हणून चुलीजवळ कळशी भरून ठेवितात. तद्वत् प्रत्येक चिपेच्या अगदीं पायाशीं विद्युत्संचय करणारे बारीक कपॅसिटर बसवितात. ते दूर बसविले तर त्यांचा उपयोग फारच थोडा होतो.

दुसरी अडचण अँटेनाची. वायफायचा एक प्रमुख पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा आहे. म्हणजे दर सेकंदास २४० कोटि कंपनें. प्रकाशाचा वेग सेकंदास सुमारें ३० कोटि मीटर. त्यास कंपनसंख्येनें भागिलें असतां लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर येते. साध्या अँटेनास हिच्या एक चतुर्थांश, म्हणजे तीन सेंटिमीटरांहून थोडी अधिक लांबी लागते. पाटीच एवढी लहान असली तर तांब्याची रेघ नागमोडी करून कोपऱ्यांत बसवावी लागते, आणि तिच्या आसपासची जागा इतर तांब्यापासून मोकळी ठेवावी लागते. रेडिओपासून अँटेनापर्यंत जाणारी वाट बहुधा ५० ओहमांची राखितात. ही संख्या कशासाठीं, हें एका प्रयोगानें समजेल. एका जाड दोरास बारीक दोर जोडून हिसका द्या. सांध्यापाशीं लहरीचा कांहीं भाग पुढें जातो व कांहीं उलट परततो. तांब्याच्या रेघेची रुंदी मध्येंच बदलली, किंवा तिच्याखालचा थर तुटला, तर रेडिओच्या लहरीचेंहि तसेंच होतें. याकरितां अशा पाट्या पुष्कळदां चार थरांच्या करितात व आंतील एक थर अखंड तांब्याचा ठेवितात.

तिसरी अडचण उष्णतेची. मोठ्या पाटीवर जी उष्णता सहज पसरते, ती लहान पाटीवर कोंडून राहते. चिपेखालीं तांब्यानें मढविलेलीं बारीक छिद्रें पाडून ती मागील बाजूस उतरवितात.

आतां नकाशा खुला कां असावा, या मुख्य प्रश्नाकडे वळूं. लिंक्सिस कंपनीनें डब्ल्यूआरटी५४जी नांवाचा राउटर २००२ सालच्या अखेरीस विक्रीस आणिला. त्यांत लिनक्स आहे, असें जिज्ञासू लोकांस पुढच्याच वर्षीं आढळून आलें. लिनक्स म्हणजे लिनस टॉरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं लोकांपुढें ठेविलेली आज्ञावली. तिचा परवाना असा कीं, जो ती दुसऱ्यास देईल त्यानें तिची मूळ संहिताहि देऊं करावी. त्याप्रमाणें कंपनीनें मूळ संहिता प्रसिद्ध केली, व तिच्या आधारें २००४ सालीं 'ओपनडब्ल्यूआरटी' हें कार्य सुरू झालें. कित्येक कारखान्यांनीं टाकून दिलेले राउटर त्यामुळें पुनः कामास लागले आहेत.

आज्ञावली खुली झाली तरी पाटी बंदच राहिली, तर काम अर्धेंच होतें. खुल्या पाटीबरोबर जोडणीचा नकाशा, तांब्याच्या रेघांची आंखणी व सुट्या भागांची यादी द्यावयाची असते, आणि तीहि दुसऱ्यास फेरफार करतां येतील अशा रूपांत. हें काम सुलभ करणारी 'कायकॅड' ही आज्ञावली १९९२ सालापासून विकसित होत आली असून ती विनामूल्य मिळते. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेनें अशा नकाशांसाठीं २०११ सालीं एक परवानाहि तयार केला.

खुलेपणालाहि मर्यादा आहेत. चिपेच्या पोटांतील रचना बहुधा गुप्तच असते, व रेडिओच्या आंतील आज्ञावली पुष्कळदां कारखान्याच्याच हातीं राहते. तसेंच, भारतांत २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ सालीं परवान्यावांचून वापरण्यास मोकळा झाला, तरी लहरींच्या जोरास कायद्यानें सीमा घातलेली आहे. शेजाऱ्याचें बोलणें बुडवून टाकण्याचें स्वातंत्र्य कोणासहि नाहीं.

तरीहि खुल्या नकाशाचें महत्त्व यानें कमी होत नाहीं. ज्याच्या हातीं आपलीं पत्रें, पैशांचे व्यवहार व गुप्त शब्द सोंपवितों, तो द्वारपाळ तपासून पाहण्याचा हक्क आपणांस असावा कीं नसावा? पेटी बंद असेल तर करणाऱ्याच्या शब्दावर भरंवसा ठेवण्यावांचून गत्यंतर नाहीं. आणि त्यानें उद्यां सुधारणा पाठविणें थांबविलें, तर चांगलें चालणारें यंत्रहि निरुपयोगी होऊन बसतें. नकाशा खुला असला म्हणजे एकाची चूक दुसरा दाखवितो, तिसरा दुरुस्त करितो, व चौथा त्यावरून शिकतो.

विद्यार्थिमित्रहो, शुभवर्तमानांतील त्या दासाची गोष्ट तुम्हांस ठाऊक आहे, ज्यानें धन्याचें द्रव्य हरवूं नये म्हणून जमिनींत पुरून ठेविलें. त्याचें द्रव्य हरवलें नाहीं, पण वाढलेंहि नाहीं. विद्येचें तसेंच आहे. तुमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतील ओहमचा नियम व लहरींचें प्रकरण यांवरच ही पाटी उभी आहे. तेव्हां परीक्षा झाल्यावर त्या प्रकरणांस निरोप देऊं नका. एखादा खुला नकाशा मिळवून त्यांतील विजेची वाट प्रथम बोटानें शोधा. पुढें आपल्या हातून कांहीं नवें साधलें, तर तेंहि असेंच दुसऱ्यांसाठीं उघडें ठेवा.