बर्फ नेमका कुठे धरलाय?

फ्रिजमागच्या पाइपवर बर्फ दिसला, की ‘गॅस संपलाय, भरावा लागेल’ हे निदान हमखास ऐकू येतं. पण हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तोच गॅस बंद नळ्यांतून वर्षानुवर्षं फिरत राहतो. तो कमी झालाच तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा तिथूनच जाणार. शिवाय कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या पाइपवर बर्फ असेल, तर बहुधा नेमका उलटा प्रकार झालेला असतो.

कॅपिलरी या अगदी बारीक नळीतून बाहेर पडताना द्रवरूप गॅसचा दाब एकदम उतरतो आणि तो उकळू लागतो. आजच्या अनेक फ्रिजमधला आयसोब्युटेन हवेच्या सामान्य दाबाला उणे १२ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतो. त्यासाठी लागणारी उष्णता तो फ्रीजरमधून ओढतो. हे उकळणं कूलिंग कॉइलमध्येच आटपायला हवं. पुढच्या परतीच्या पाइपला कॅपिलरी मुद्दाम जोडलेली असते. तिच्या उबेमुळे हा पाइप बाहेर येईपर्यंत जवळपास खोलीइतका गरम होतो. तरीही त्यावर बर्फ धरला, तर न उकळलेला द्रव तिथवर पोचतोय.

म्हणून पहिला प्रश्न: नुकताच गॅस भरला होता का? आयसोब्युटेनच्या घरगुती फ्रिजमध्ये तो बहुधा १०० ग्रॅमहूनही कमी असतो. वजनकाट्याशिवाय, अंदाजाने भरला तर सहज जास्त होऊ शकतो! भरला नसेल, तर फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमधला पंखा पाहावा. तो बंद पडला, किंवा डीफ्रॉस्ट हीटर जळून कॉइल बर्फात गाडली गेली, की तिला उष्णताच मिळत नाही.

गॅस खरोखर कमी असेल, तर कॉइलच्या सुरुवातीलाच बर्फ दिसतो, उरलेली कॉइल कोरडी राहते. थंडावा येऊन-जाऊन असेल, तर आत शिरलेला ओलावा कॅपिलरीच्या तोंडाशी गोठत असावा. पावसाळ्यात पाइपवर नुसते थेंब दिसले, तर ती बहुधा हवेतली वाफ. तेवढ्यासाठी मेकॅनिक नको.

परतीच्या पाइपवरच्या बर्फाकडे मात्र दुर्लक्ष नको. द्रव कॉम्प्रेसरमध्ये शिरला, तर त्याच्या झडपा तुटू शकतात. आणि कॉइलवरचा बर्फ सुरीने खरवडू नका. कॉइलला भोक पडलं तर गॅस बाहेर येईल, आणि आयसोब्युटेन ज्वालाग्राही आहे. प्लग काढा, दार उघडं ठेवा, बर्फ आपोआप वितळू द्या.