पायाचं हाड की पंखाचं?

लांब, सडपातळ, दोन्ही टोकांना किंचित फुगलेलं हाड. एकटंच हाती आलं, तर कुणीही ते पायाचं म्हणेल. जर्मनीत बायरॉइटजवळ सापडलेली अशी हाडं जमवणाऱ्या काउंट म्युन्स्टर यांनी तेच केलं. त्यांनी दिलेल्या मॅक्रोसेलोसॉरस या नावाचा अर्थच ‘लांब पायांचा सरडा’. हेर्मान फॉन मायर यांनी मात्र हे मणके आहेत, असं ओळखून १८५२ मध्ये नाव ठेवलं टॅनिस्ट्रोफियस.

मणके खरे, पण कुणाचे? अमेरिकेत एडवर्ड कोप यांनी १८८७ मध्ये एका लहानशा डायनोसॉरची हाडं याच नावाखाली घातली. दोनच वर्षांत ती बाहेर काढून त्यांना सीलोफिसिस हे नवं नाव द्यावं लागलं.

सर्वांत मोठा घोळ इटलीत झाला. स्वित्झर्लंडच्या सीमेला लागून असलेल्या बेसानोच्या काळ्या, तेलकट शेलमध्ये एक छोटा सांगाडा मिळाला. १८८६ मध्ये फ्रान्चेस्को बस्सानी यांनी त्याचे तीन टोकांचे दात पाहिले, लांबुळकी हाडं पाहिली आणि त्याला ट्रायबेलेसोडॉन हे नाव देऊन टेरोसॉर ठरवलं, म्हणजे उडणारा सरीसृप! टेरोसॉरच्या पंखाचा पडदा एका लांबलचक बोटावर ताणलेला असतो आणि त्या बोटाची हाडं अशीच असतात. त्यामुळे बस्सानींना हसणं सोपं असलं, तरी न्याय्य नाही. १९२३ मध्ये हंगेरीचे बॅरन नोप्चा यांनाही तो टेरोसॉरच वाटला.

१९२९ मध्ये झुरिकच्या बर्नहार्ड पायर यांना सीमेपलीकडच्या मॉन्ते सान जॉर्जो डोंगरात बराच पूर्ण सांगाडा मिळाला. पंखाची बोटं निघाली टॅनिस्ट्रोफियसच्या मानेचे मणके. जिराफाला सात मणके असतात, याला १३. मोठ्या नमुन्यांत प्राण्याची एकूण लांबी सुमारे सहा मीटर आणि त्यात निम्मी मानच. बस्सानींचा मूळ नमुना मात्र दुसऱ्या महायुद्धात मिलानमध्ये नष्ट झाला.

तरी एक कोडं उरलंच. डोंगरात लहान-मोठे दोन्ही सांगाडे सापडत. लहान ती पिल्लं, असा समज होता. २०२० मध्ये स्टेफान स्पीकमान आणि सहकाऱ्यांनी हाडांचे पातळ काप करून वाढीची वलयं मोजली, तेव्हा ‘पिल्लं’ चांगली प्रौढ निघाली! मग मोठ्याला हायड्रॉइडीस हे वेगळं प्रजातिनाम मिळालं. लहान जुन्याच लाँगोबार्डिकस नावानं राहिला. मोठ्याच्या कवटीवर नाकपुड्या मगरीसारख्या वरच्या बाजूला आहेत आणि दात एकमेकांत अडकणारे, म्हणजे मासे-माखल्या पकडायला नेमके. तो पाण्यात राहत असावा, हे त्यावरून दिसतं.

पुढे टॅनिस्ट्रोफियस आणि इतर प्राणी लांब मानेच्या जोरावर एकत्र बसवलेला प्रोटोरोसॉर गटही विस्कटला. चीनमधल्या डायनोसेफॅलोसॉरसची मान अशीच अफाट लांब, पण मणके ३२.