प्रकाशाची ठेव आणि तिची परतफेड

२००१ साली हार्वर्डच्या परिसरात प्रकाशाचा स्पंद अणूंच्या समुदायात थांबवून पुन्हा मोकळा करण्यात आला, तेव्हा कौतुकाचे सारे ढोल थांबवण्याच्या चमत्कारासाठी वाजले. परतीत किती प्रकाश गहाळ झाला, याची चौकशी सामान्य वाचकाने केली नाही, आणि व्यवहाराच्या दृष्टीने कळीचा प्रश्न नेमका तोच होता.

काचेच्या तंतूतून शंभर किलोमीटर गेलेल्या प्रकाशाचा जेमतेम शंभरावा हिस्सा पलीकडे पोहोचतो. साधा संदेश वाटेत वर्धित करता येतो. परंतु एकट्या प्रकाशकणाच्या अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल निसर्गाला मंजूर नाही, हे १९८२ साली सिद्ध झाले. म्हणून वाटेतल्या ठाण्यांवर ती अवस्था अस्सल स्वरूपात जमा ठेवणारी आणि मागताच परत करणारी क्वांटम मेमरी लागते. तिने निम्म्याहून कमी प्रकाश परत केला, तर हरवलेल्या हिश्श्यातून एखाद्या तिऱ्हाइताने अधिक सरस प्रत मिळवली नसेल, अशी हमी देता येत नाही.

प्रकाश शोषून घेणे त्या मानाने सुलभ. दाट अणुसमुदाय ते काम सहज करतो. पण तोच दाटपणा परतीच्या वेळी मुळावर येतो, कारण मागच्या अणूंनी सोडलेला प्रकाश पुढचे अणू पुन्हा गिळतात, आणि त्यामुळे सरळ पुढे निघणाऱ्या प्रतिध्वनीची, म्हणजे परत सुटलेल्या स्पंदाची, कार्यक्षमता ५४ टक्क्यांवर अडते. कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी यावर काढलेला तोडगा मोठा देखणा आहे. प्रेसिओडिमियम मिसळलेला, निरपेक्ष शून्याहून अवघे काही अंश उष्ण असा एक स्फटिक घेऊन त्यांनी त्याच्या लांबीभर क्रमाने बदलत जाणारे विद्युत्क्षेत्र लावले, जेणेकरून प्रत्येक कंपनसंख्येचा प्रकाश आपापल्या नेमल्या थरातच शोषला जावा. मग क्षेत्राची दिशा उलटवताच कंपनाच्या तालात पुढे धावलेले अणू मागे पडू लागले, मागे राहिलेले पुढे सरसावले, ते सारे एका क्षणी पुन्हा एका तालात आले आणि प्रकाश बाहेर पडला. त्याच्या वाटेवर त्याच कंपनसंख्येचे दुसरे अणू नव्हतेच, तेव्हा गिळणार कोण? २०१० साली ही कार्यक्षमता ६९ टक्के भरली. पुढच्याच वर्षी त्याच विद्यापीठात, रुबिडियमच्या बाष्पात चुंबकीय क्षेत्र वापरून, ८७.

हा फरक किरकोळ समजू नये. अशा दहा क्वांटम मेमरींनी एकाच कामात आपापला वाटा चोख उचलायचा, तर ६९ टक्क्यांच्या हिशेबाने शंभरांतले जेमतेम अडीच प्रयत्न तडीस जातात. ८७ टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे पंचवीस.