सुनिश्चित पदांची चौकट

अपंग व्यक्तींना नोकरीवर ठेवण्याबाबतचे गैरसमज भारतात केवळ मालकांच्या मनात वाढले नाहीत. सरकारी कागदांनीही ते पोसले. १९७७ मध्ये केंद्र सरकारने तीन टक्के आरक्षण दिले, पण ते फक्त ‘क’ आणि ‘ड’ गटांत. अपंग माणूस कारकून किंवा शिपाई होईल, अधिकारी नव्हे, हे त्यामागचे गृहीतक होते. दृष्टिहीनांनी खुर्च्या विणाव्यात किंवा टेलिफोन ऑपरेटर व्हावे, अस्थिव्यंग असलेल्यांनी एसटीडी-पीसीओचा बूथ चालवावा, अशी कामांची वाटणीही ठरून गेली. स्वयंचलित एक्स्चेंज आणि मोबाइल आल्यावर ऑपरेटरची खुर्ची गेली, बूथही गेला. वाटणीमागचा समज मात्र टिकला.

अपंग व्यक्तींसाठीचा १९९५ चा कायदा ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. त्यातील कलम ३२ नुसार आरक्षणासाठी अपंगांना जमतील अशी पदे आधी ‘सुनिश्चित’ करायची होती. पुढची काही वर्षे समित्या आणि याद्यांत गेली.

खरा संघर्ष २००५ नंतरच्या दशकात झाला. २९ डिसेंबर २००५ च्या केंद्रीय कार्यालयीन आदेशाने ‘क’ व ‘ड’ गटांत एकूण रिक्त जागांवर आरक्षण मोजायला सांगितले. ‘अ’ व ‘ब’ गटांत मात्र केवळ सुनिश्चित पदांवर. यादी जितकी तोकडी, तितक्या वरच्या गटांतल्या जागा कमी. ‘हे काम त्यांना जमणार नाही’ हा पहिला गैरसमज असा आरक्षणाच्या बिंदुनामावलीत शिरला. नागरी सेवा परीक्षा उत्तीर्ण झालेल्या एका दृष्टिहीन उमेदवाराच्या प्रकरणात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की पदसुनिश्चिती झाली नाही हे आरक्षण रोखण्याचे कारण होऊ शकत नाही. ८ ऑक्टोबर २०१३ रोजी, नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडच्या प्रकरणात, सर्व गटांत एकूण रिक्त जागांवर आरक्षण मोजण्याचा निकाल लागला. कायदा लागू होऊन तोवर सतरा वर्षे उलटली होती. इतक्या काळात ज्यांची उमेदीची वर्षे सरली, त्यांना हा निकाल उशिराच मिळाला.

दुसरा गैरसमज खर्चाचा. त्याच दशकात तो पोकळ ठरला. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे महागडे सॉफ्टवेअर हा दृष्टिहीनांच्या नोकरीतला मोठा अडसर सांगितला जाई. २००६ मध्ये ‘एनव्हीडीए’ हे मोफत सॉफ्टवेअर आले. कामाच्या जागेतले बहुतेक फेरबदल तर टेबलाची उंची, बसण्याची जागा किंवा लेखी सूचना एवढ्यावरच भागतात.

तिसरा गैरसमज ग्राहकाचा: गिऱ्हाइकाला आवडणार नाही, संवाद जमणार नाही. मुंबईत २००९ मध्ये सुरू झालेल्या मिरॅकल कुरिअर्सने कर्णबधिर तरुणांकडून टपाल पोचवून त्याला उत्तर दिले. लेमन ट्री हॉटेल्सनेही २००७ पासून कर्णबधिर कर्मचारी घेतले.

चौथा गैरसमज सरकारच्या स्वतःच्या योजनेत होता: मालकाला पैसा दिला की तो माणूस घेईल. १ एप्रिल २००८ पासून दरमहा २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या अपंग कर्मचाऱ्यांच्या भविष्यनिर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विम्यातील मालकाचा वाटा तीन वर्षे सरकार भरणार होते. वर्षाला एक लाख नोकऱ्यांचे उद्दिष्ट होते. योजना त्याच्या जवळपासही पोचली नाही. अडचण पैशाची नसून विश्वासाची होती, आणि विश्वास काही अनुदानातून येत नाही.

पाचवा गैरसमज, ‘एकदा घेतले की काढता येत नाही.’ १९९५ च्या कायद्यातील कलम ४७ चे संरक्षण सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांना होते. खासगी मालकाला ते लागूच नव्हते, आणि गैरवर्तनाबद्दलच्या शिस्तभंगाच्या कारवाईला त्याने कुणालाही सूट दिली नव्हती.

१९९५ च्या कायद्याच्या जागी आलेल्या २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि सरकारी आरक्षण चार टक्के केले. तरी जुना समज हटला नाही. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांना नागरी सेवा परीक्षा उत्तीर्ण होऊनही दृष्टी नसल्याच्या कारणावरून रेल्वेच्या लेखा सेवेत नियुक्ती नाकारण्यात आली. २०१७ च्या निकालात १२४ वा क्रमांक मिळवून त्या आयएएस झाल्या. एकूण चित्रही निराळे नव्हते: २०१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत पंधरा वर्षांवरील अपंगांपैकी फक्त २३.८ टक्के श्रमबाजारात होते.

२०२४ च्या जुलैत महाराष्ट्रातील एका परिविक्षाधीन अधिकाऱ्याच्या अपंगत्व प्रमाणपत्रावरून वाद पेटला आणि सहावा गैरसमज पसरला: अपंगांचा कोटा म्हणजे बनावटगिरी. त्याच महिन्यात तेलंगणातील एका वरिष्ठ सनदी अधिकाऱ्याने अखिल भारतीय सेवांत हे आरक्षण कशासाठी, असा जाहीर सवाल केला. एका प्रमाणपत्राच्या संशयाची झळ खऱ्या हक्कदारांना बसली. ३ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दृष्टिहीनांना न्यायिक सेवेतून वगळणारा मध्य प्रदेशचा नियम रद्द केला. म्हणजे ‘जमणार नाही’ हा १९७७ चा तर्क २०२५ मध्येही खोडून काढावा लागला.

खासगी क्षेत्राला आरक्षण नाही. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करावे, एवढी तरतूद २०१६ च्या कायद्यात आहे. ती मोडल्यास पहिल्या वेळचा दंड जास्तीत जास्त दहा हजार रुपये. एवढ्या धाकाने कोणत्याही कंपनीचा गैरसमज दूर होण्याचे कारण नाही.