काळ्या दगडातील घड्याळ

धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्गचा पाणीमहाल सुमारे चारशे वर्षांपूर्वी बांधला गेला, असे इतिहास सांगतो. परंतु त्याच्या भिंतीतील काळ्या दगडाचे वय कोण सांगणार? तो दगड घडताना पाहावयास पृथ्वीवर मनुष्यच नव्हता. तरीही शास्त्रज्ञांनी ते वय शोधून काढले आहे. त्यांना साक्ष दिली ती दगडातील अणूंनी.

अणू अतिशय सूक्ष्म असतो. त्याच्या मध्यभागी गर्भ असतो. गर्भात प्रोटॉन व न्यूट्रॉन हे कण दाटीने बसलेले असतात आणि सभोवती इलेक्ट्रॉन वावरतात. मूलद्रव्य कोणते, हे प्रोटॉनांच्या संख्येवरून ठरते. १९ प्रोटॉन असले तर पोटॅशियम, २० असले तर कॅल्शियम आणि १८ असले तर आरगॉन.

बहुतेक गर्भ स्थिर असतात. काही मात्र आपोआप पालटतात व त्या वेळी कण किंवा किरण बाहेर टाकतात. यालाच किरणोत्सर्ग म्हणतात. बेकरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाला तो १८९६ साली युरेनियमच्या क्षारात प्रथम आढळला.

पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंत सुमारे एक अणू असा अस्थिर असतो. असे अणू पालटले म्हणजे त्यांपैकी बहुतेकांचे कॅल्शियम होते. शंभरांतील दहा-अकरांचे आरगॉन होते. अमुक एक अणू केव्हा पालटेल, हे कोणासही सांगता येत नाही. परंतु असंख्य अणू एकत्र घेतले, तर १२५ कोटी वर्षांत त्यांतील निम्मे पालटलेले असतात. या काळास अर्धायुष्य म्हणतात. उन्हाने ते घटत नाही की पावसाने वाढत नाही. असे इमानी घड्याळ दुसरे कोठे मिळणार?

हे घड्याळ सुरू केव्हा झाले? पूर्वी भूमीच्या भेगांतून तप्त लाव्हा बाहेर पडला आणि दख्खनभर पसरला. आरगॉन हा वायू आहे. त्यामुळे लाव्हा पातळ होता तोवर तो निसटून जाई. लाव्हा थिजून दगड झाल्यावर मात्र नव्याने निर्माण होणारा आरगॉन आतच कोंडला गेला. दगडातील पोटॅशियम व हा कोंडलेला आरगॉन मोजून शास्त्रज्ञांनी दख्खनच्या काळ्या दगडाचे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे ठरविले. एवढ्या प्रचंड काळात अस्थिर पोटॅशियमच्या शंभर अणूंपैकी जेमतेम चार पालटले आहेत!

१९९३ च्या भूकंपानंतर धाराशिवच्या सीमेलगत किल्लारी येथे जमिनीत खोल छिद्र घेण्यात आले. तेथे काळ्या दगडाचे थर सुमारे ३३८ मीटरपर्यंत लागले. त्यांच्याखाली वेगळाच खडक निघाला. तो दोनशे कोटी वर्षांहूनही जुना आहे.