दुबईचा बाजार पाहावा, पण खिसा सांभाळून

कापडाच्या धंद्यात असलेल्या माणसाला आयुष्यात एकदा तरी कोणीतरी विचारतोच, "दुबई पाहिली का?" प्रश्न विचारणारा बहुधा पाहून आलेला असतो आणि त्याच्या बोलण्यावरून वाटते की तेथे जायचे तर थैली भरून पैसा हवा. ही गोष्ट अर्धी खरी आहे. या शहरात एका रात्रीच्या खोलीला आपल्याकडच्या कारागिराची महिन्याची कमाई मोजावी लागते, अशी हॉटेले आहेत. त्याच शहरात खाडी ओलांडायला लाकडी होडीचे भाडे अवघा एक दिरहम आहे. महाग काय आणि स्वस्त काय हे घरून निघण्यापूर्वी ज्याला कळले, तो थोडक्यात काम उरकून परत येतो. ज्याला कळले नाही, तो आमच्यासारखा पहिल्या फेरीची फी भरतो.

आम्ही प्रथम २००४ साली गेलो. दिरहम तेव्हा बारा रुपयांच्या आसपास होता. खोली आम्ही दुसऱ्यावर विसंबून घेतली. ती बाजारापासून इतकी दूर निघाली की रोज जाण्या-येण्याच्या टॅक्सीतच जेवणाच्या तिप्पट पैसे गेले. म्हणून पहिला सल्ला हा की मुक्काम बाजारात करावा.

मुक्काम कोठे करावा

जुनी दुबई खाडीच्या दोन काठांवर वसली आहे. एका काठाला देरा, दुसऱ्या काठाला बर दुबई. घाऊक कापडाचा मुर्शिद बाजार, नाइफ, सोन्याचा व मसाल्याचा बाजार हे देऱ्यात. कापडाचा जुना सूक आणि मीना बाजार बर दुबईत. व्यापाऱ्याचे काम या दोन काठांवरच असते. येथील साध्या हॉटेलात दोघांच्या खोलीला हंगामाप्रमाणे साधारण १२० ते २०० दिरहम पडतात. त्यावर ५ टक्के व्हॅट आणि दर रात्रीचा 'टुरिझम दिरहम' हा कर लागतो, तेव्हा भाव ठरवताना "सगळे धरून किती?" असेच विचारावे.

मे ते सप्टेंबर तेथे कडक उन्हाळा, म्हणून खोल्या स्वस्त. नोव्हेंबर ते मार्च हवा छान, म्हणून भाव चढे. मोठे प्रदर्शन भरले की आणखी चढे. केवळ माल पाहायचा असेल तर उन्हाळा सोसावा. दुकाने आतून थंडच असतात.

काही बांधव पैसे वाचवण्यासाठी 'बेड स्पेस' म्हणजे दाटीच्या खोलीतील एक खाट घेतात. भिंती घालून बेकायदा पाडलेल्या अशा खोल्यांवर दुबई नगरपालिकेने २०२५ च्या जूनमध्ये रिगा, मुरक्कबात, सतवा वगैरे भागांत कारवाई केली. परक्या मुलखात सामानासकट रस्त्यावर येण्यापेक्षा दोघांनी मिळून हॉटेलची खोली घ्यावी.

जाणे-येणे व खाणे

मेट्रो ९ सप्टेंबर २००९ रोजी सुरू झाली आणि आमच्यासारख्यांचे दिवस पालटले. स्टेशनवर २५ दिरहमचे चंदेरी 'नोल' कार्ड मिळते, त्यात १९ दिरहम प्रवासासाठी असतात. अंतराप्रमाणे एका फेरीला ३, ५ किंवा साडेसात दिरहम पडतात. दिवसभराचा पास २० दिरहमला. विमानतळाच्या टर्मिनल १ व ३ ला लाल मार्गाची मेट्रो आहे, टर्मिनल २ ला नाही. तिकीट काढतानाच टर्मिनल विचारून घ्यावे, कारण विमानतळावरून टॅक्सी धरली की मीटर २५ दिरहमपासून सुरू होतो. शारजाहचे विमान कधी स्वस्त मिळते, पण शारजाह-दुबई रस्त्यावरील गर्दीत निम्मा दिवस जाऊ शकतो. तोही हिशेबात धरावा.

मेट्रोत खाल्ले-प्याले किंवा पुरुष बायकांच्या डब्यात शिरला तर १०० दिरहम दंड. रस्ता भलत्या जागी ओलांडला तर ४०० दिरहम. पान खाऊन थुंकण्याची सवय मुंबईच्या विमानतळावरच ठेवून जावी. एका दंडात दोन दिवसांचे जेवण जाते.

जेवणाची चिंता नको. देऱ्यात व बर दुबईत पाकिस्तानी, हैदराबादी, मलबारी खानावळी पावलोपावली आहेत. दाल, रोटी, सालन आणि कडक चहा यांवर दिवसाला ४० दिरहममध्ये पोट भरते. दोन पावले सोडून मॉलमध्ये बसलात की तेच जेवण दुप्पट-तिप्पट होते.

पैशाचा हिशेब

जुने लोक सांगत की एके काळी त्या किनाऱ्यावर आपलाच रुपया चालत असे. ते खरे आहे. रिझर्व्ह बँकेने १९५९ पासून आखातासाठी वेगळा रुपया काढला होता आणि दुबईत तो १९६६ पर्यंत चालला. दिरहम आला १९७३ साली. आज एक डॉलर म्हणजे ३.६७ दिरहम, हे प्रमाण १९९७ पासून बांधलेले आहे. म्हणून दिरहमचा भाव काढणे सोपे: त्या दिवशीच्या डॉलरच्या भावाला ३.६७ ने भागावे. डॉलर ९० रुपये धरला तर दिरहम साडेचोवीसला पडतो. यापेक्षा कोणी फारच जास्त मागू लागला तर पुढचे दुकान गाठावे. विमानतळावर जेवढे लागतील तेवढेच पैसे बदलावेत, बाकीचे बाजारात. कार्ड वापरताना यंत्राने "रुपये की दिरहम?" विचारले तर दिरहम सांगावे, रुपये म्हटले की भाव त्यांचा लागतो.

चार रात्री, पाच दिवस धरू. दीडशेची खोली दोघांत, म्हणजे माणशी ३०० दिरहम. जेवण २००. मेट्रो-बस १००. अडीअडचणीला १००. एकूण ७०० दिरहम, म्हणजे वरच्या भावाने १७,१५० रुपये. विमान व व्हिसा वेगळा. यापेक्षा जास्त लागले तर कोठे गेले ते रोज रात्री वहीत लिहावे. आम्ही आजही लिहितो.

बाजारात काय पाहावे

जुन्या बाजारातील बरीच दुकाने दुपारी एक ते चार बंद असतात. शुक्रवारी जुम्याच्या नमाजमुळे खरा बाजार दुपारनंतरच खुलतो. २०२२ पासून तेथील सरकारी सुट्टी शनिवार-रविवार झाली आणि शुक्रवार अर्धा दिवस. म्हणून बँकेचे वा कार्गोचे काम सोमवार ते गुरुवार उरकावे. दुपारच्या वेळी अब्रा म्हणजे ती लाकडी होडी घेऊन दुसऱ्या काठाला जावे. त्या एका दिरहममध्ये आखाताचा सगळा व्यापार दिसतो: गाठी, खोकी, इराणकडे व आफ्रिकेकडे जाणारा माल. दुबई बराचसा माल स्वतः बनवत नाही, एकीकडून घेते आणि दुसरीकडे पाठवते. म्हणून चिनी माल पाहायला ड्रॅगन मार्टला जरूर जावे, पण तेथील भाव हा कारखान्याचा भाव नव्हे हे ध्यानात असू द्यावे.

आता आमची खरी चूक सांगतो. त्या पहिल्या फेरीत आम्ही बुरख्याच्या कापडाची १०० थाने ठरवली, प्रत्येक थान ५० चे. भाव पसंत पडला, हात मिळवला आणि घरी येऊन गिऱ्हाइकाला ५,००० मीटरचा शब्द दिला. माल आला तेव्हा मोजमाप ४,५७२ मीटर भरले. दुकानदाराने फसवले नव्हते. तो वारात बोलत होता, आम्ही मीटर समजत होतो. एक वार म्हणजे ०.९१४४ मीटर. ४२८ मीटरची तूट आम्ही गाठचे पैसे घालून भरून काढली आणि त्या मालातला सगळा नफा गेला. त्या बाजारात आजही कापड वार आणि मीटर दोन्हींत बोलले जाते. म्हणून भाव विचारताना आधी माप विचारावे, मग पन्हा किती इंच, मग वजन. नमुन्याचा तुकडा कापून त्यावर दुकानदाराची सही घ्यावी आणि बिलावर माप लिहून घ्यावे. चार रात्रींच्या खोलीत वाचवलेले पैसे एका चुकीच्या शब्दात जातात.

येताना-जाताना

धंद्याचा माल बॅगेत भरून आणू नये. सामानावरील सवलत घरच्या वापराच्या वस्तूंसाठी आहे, विक्रीच्या मालासाठी नाही. माल आणायचा तर आयात-निर्यात कोड काढून रीतसर कार्गोने आणावा. सोन्याच्या दागिन्यांची सूट वर्षाहून अधिक काळ परदेशी राहिलेल्याला मिळते, चार दिवस फिरून आलेल्याला नाही. ओळखीच्याचे म्हणून कोणाचेही बंद पार्सल घेऊ नये, जाताना नाही आणि येताना तर मुळीच नाही. मसाल्याच्या डब्यात खसखस नको, ती तेथे बंदी असलेली वस्तू आहे. गुंगीची वा तीव्र वेदनेची औषधे असतील तर डॉक्टरची चिठ्ठी व तेथील परवानगी आधी पाहावी.

२५० दिरहमच्या वरची खरेदी नोंदवलेल्या दुकानात केली तर परतताना विमानतळावर व्हॅटचा बहुतेक भाग परत मिळतो. दुकानातच पासपोर्ट दाखवून तशी नोंद करून घ्यावी लागते.

कारागीर बांधवांसाठी

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. शिलाई, जरी, सुतारकाम जाणणाऱ्या तरुणांना कोणीतरी सांगतो, "भेटीच्या व्हिसावर चल, तेथे काम लावून देतो." घरातले दागिने गहाण पडतात. भेटीच्या व्हिसावर काम करणे गुन्हा आहे आणि मुदत संपल्यावर दर दिवसाला ५० दिरहम दंड चढतो. कामाला जायचे तर कामाच्या व्हिसावर, सरकारच्या ई-मायग्रेट नोंदणीत असलेल्या एजंटामार्फत जावे. दहावी न झालेल्याला आपल्या सरकारची उत्प्रवासन मंजुरी लागते. एजंटाला ३०,००० रुपये व त्यावरील कर याहून अधिक सेवा शुल्क घेता येत नाही. जास्त मागितले तर पावती मागावी. पावतीचे नाव काढताच जो विषय बदलतो, त्याच्या दारातून उठावे.

पाहायला जाणे वेगळे आणि कमवायला जाणे वेगळे. पाहायला जाणाऱ्याने स्वतःच्या पैशाने जावे, उधारीने नव्हे. बाजार कोठे पळून जात नाही. यंदा जमले नाही तर पुढच्या वर्षी जाऊ, इन्शाअल्लाह.